तीन वारांवर अस्वलीण : ह्यू ग्लास, ऑगस्ट १८२३

कडेपठार

ह्यू ग्लास हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना लिओनार्दो डिकॅप्रिओला ऑस्कर मिळवून देणाऱ्या ‘द रेव्हनंट’ या सिनेमामुळे कळलं. बर्फाळ रान, मेलेल्या घोड्याच्या पोटात काढलेली रात्र, पोराचा खून, सूड. यातला बर्फ सिनेमाचा आणि पोरगाही सिनेमाचाच. मूळ प्रकार घडला ऑगस्ट १८२३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात. जागा म्हणजे आजच्या साउथ डकोटाचा वायव्य कोपरा, ग्रँड नदीचे दोन फाटे जिथे एकत्र येतात तो भाग. तिथे घनदाट जंगल वगैरे काही नाही. नजर पोचेल तिथवर गवताळ माळ, आणि नदीच्या कडेने तेवढी झाडीझुडपं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

पार्श्वभूमी उरकून घेतो. बीव्हर या पाण्याकाठच्या केसाळ प्राण्याच्या कातडीला युरोपात टोप्यांसाठी भरमसाठ भाव होता. १८२२ मध्ये विल्यम अ‍ॅशलीने सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की मिसुरी नदीच्या उगमापर्यंत जायला शंभर तरुण पाहिजेत. ग्लास पुढच्या वर्षी आला, आणि तो काही कोवळा तरुण नव्हता, चाळिशीच्या आसपासचा असावा. २ जून १८२३ च्या पहाटे अरिकारा या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी हल्ला केला. अ‍ॅशलीची डझनभराहून जास्त माणसं गेली, ग्लासच्या पायाला जखम झाली. त्यानंतर अँड्र्यू हेन्री काही जणांना घेऊन मिसुरी सोडून जमिनीवरून यलोस्टोन नदीच्या दिशेने निघाला. ग्लास त्या तुकडीचा शिकारी. म्हणजे तुकडीच्या पुढे राहायचं आणि संध्याकाळच्या हंडीची सोय बघायची.

आता मुद्दा. या प्रसंगाचा सगळ्यात जुना छापील वृत्तान्त १८२५ चा, फिलाडेल्फियाच्या एका मासिकातला आहे. लिहिणारा इलिनॉयमधला वकील, आणि सगळी माहिती ऐकीव. भाषा अशी की संगीत नाटकातला खलनायक लाजेल. पण तपशील नीट वाचले तर फार बोलके आहेत.

ग्लास सगळ्यांच्या पुढे, झुडपांतून वाट काढत चालला होता. समोर जेमतेम तीन वारांवर (यार्डांवर) मादी ग्रिझली, म्हणजे तिकडचं तपकिरी अस्वल, वाळूत खळगा करून पडलेली. पिल्लं जवळच, पण तान्ही नव्हेत, वर्षापुढची. बंदूक चालवायला किंवा मागे फिरायला सवडच मिळाली नाही. तिने गळ्याला धरून त्याला उचललं आणि खाली आपटलं. एक लचका तोडला आणि ती पिल्लांकडे गेली. तेवढ्यात ग्लासने निसटायचा प्रयत्न केला. ती लगेच उलटली. या वेळी खांदा धरला, डावा हात फाडला, डोक्याच्या मागे मोठी जखम केली. एक साथीदार मदतीला धावला, तर त्याला एका पिल्लानेच नदीत पिटाळलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने त्या पिल्लाला गोळी घातली. मग बाकीचे पोचले आणि ग्लासच्या अंगावर उभ्या असलेल्या मादीला सात-आठ गोळ्यांत आडवं केलं.

वकीलसाहेबांनी याचा अर्थ काय लावला? अस्वलिणीला नरमांसाची भूक लागली होती आणि ती पिल्लांना चव दाखवायला गेली! मला हा अर्थ साफ चुकीचा वाटतो. आज ग्रिझलीबद्दल जे माहीत आहे ते डोक्यात ठेवून हेच चार वाक्यं परत वाचा. अचानक हातभर अंतरावर माणूस उगवला. तिने त्याला खाली पाडलं, आणि तो निपचित झाला असं वाटताच ती कुठे गेली? पिल्लांकडे. ती ठीक आहेत ना बघायला. खायचंच असतं तर एवढं सावज टाकून ती गेली नसती. परत आली ती ग्लास हलला म्हणून. धोका अजून जिवंत आहे, एवढाच तिचा हिशोब.

अमेरिकेतले वनाधिकारी आज लोकांना नेमकं हेच बजावतात: ग्रिझलीने बचावासाठी हल्ला केला आणि तिने तुम्हाला पाडलं, तर पोटावर पालथे पडा, हाताने मान झाका, पाय फाकवून ठेवा म्हणजे ती सहज उलटं करू शकणार नाही, आणि ती निघून गेली असं वाटलं तरी बराच वेळ हलू नका. घाईने उठणाऱ्यावर दुसऱ्यांदा हल्ला होतो. १८२३ मधल्या माणसाला हे कुणी सांगणार?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्लास इतका जवळ पोचलाच कसा? कारण तो उत्तम शिकारी होता. शिकारी पावलांचा आवाज करत नाही, वारा तोंडावर घेऊन चालतो म्हणजे सावजाला वास जात नाही, नदीकाठच्या झुडपांचा आडोसा धरतो, आणि हरणं चरायला निघतात त्याच वेळी निघतो. अस्वल टाळायचं असेल तर यातलं प्रत्येक काम उलटं करावं लागतं. शिकारी जेवढा कसलेला, तेवढा तो अशा भेटीच्या जवळ. पाय आपटत, गप्पा छाटत मागून येणाऱ्या तुकडीला ती अस्वलीण दिसलीही नसती, पिल्लं घेऊन आधीच निघून गेली असती.

आणि हातात काय, तर ठासणीची बंदूक. एक बार निघाला की परत दारू ओता, चिंधीत गोळी गुंडाळा, गजाने ठासा, चकमकीच्या कानात दारू घाला. हात सराईत असला तरी अर्धा मिनिट गेलंच. ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या वर पळते. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी याच मिसुरीने वर गेले तेव्हा आधी त्यांना वाटलं होतं की चांगल्या बंदुकीपुढे या अस्वलाचं काय चालणार. काही आठवड्यांतच मत बदललं. एकेका अस्वलाला आठ-आठ, दहा-दहा गोळ्या लागत होत्या.

पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून पळवतो. ग्लास मरणारच असं धरून हेन्रीने दोघांना पैसे कबूल करून त्याच्याजवळ ठेवलं: जॉन फिट्झजेराल्ड आणि एक तरुण पोरगा. काही दिवसांनी दोघे त्याची बंदूक आणि सगळं सामान घेऊन पसार. ग्लास रानटी चेरी आणि बोरांसारखी फळं खाऊन थोडा सावरला, लांडग्यांनी मारलेलं रानरेड्याचं वासरू त्यांना हाकलून खाल्लं, आणि रखडत-सरपटत मिसुरीवरच्या फोर्ट कायोवाला पोचला. अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. मग दोघांचा शोध. पोराला माफ केलं. फिट्झजेराल्ड तोवर सैन्यात भरती झालेला, त्याला हात लावला तर फाशी, म्हणून फोर्ट अ‍ॅटकिन्सनला जाऊन फक्त आपली बंदूक परत घेतली. सूड वगैरे काही नाही. १८३३ च्या हिवाळ्यात गोठलेल्या यलोस्टोन नदीवर अरिकारांच्या हातून मेला.

चर्चेसाठी प्रश्न: वृत्तान्तातलं ते पिल्लांकडे जाणं आणि परत येणं तुम्हाला कसं वाटतं? जंगलात काम करणारे कुणी असतील तर जरूर लिहा.

फुकटचंबू

सिनेमातला पोरगा खोटा?? माझे अश्रू परत द्या. बाकी लेख झकास. पुढील लेखनाला शुभेच्छा.

सांजवात

वाचनखूण साठवली आहे. एक विचारू का? सगळे ग्लासचं कौतुक करतात, तीनशे किलोमीटर सरपटला वगैरे. त्या पिल्लांचं काय झालं?

कडेपठार

सांजवात, एक तर तिथेच नदीत मारलं गेलं. बाकीच्याबद्दल वकीलसाहेब गप्प. ग्रिझलीची पिल्लं आईबरोबर दोन ते तीन वर्षं राहतात. जन्मतात गुहेत, ऐन हिवाळ्यात, तेव्हा जेमतेम अर्धा किलोची असतात. कुठलं कंद कधी खणायचं, कुठल्या उतारावर फळं लागतात, बीळ कुठे करायचं हे सगळं आईमागे फिरून शिकतात. वर्षापुढचं पिल्लू एकटं पडलं तर तगू शकतं, पण मोठ्या नरांपासून वाचवायला कुणी नसतं.

शंकासूर

लेख चांगला, पण थोडं थंड पाणी ओततो, हलके घ्या. ग्लासने या प्रसंगाबद्दल स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्याच्या हातचं म्हणून एकच पत्र शिल्लक आहे, आणि ते अस्वलाबद्दल नाही. अरिकारांच्या हल्ल्यात मेलेल्या एका तरुण साथीदाराच्या घरच्यांना तो कळवतो की तुमचा मुलगा गेला. बाकी सगळं शेकोटीभोवती सांगितलेलं, मग कुणीतरी लिहिलेलं, मग आणखी कुणीतरी वाढवलेलं. जखमेतल्या अळ्या, पाय मोडला, स्वतःच पाय सरळ केला, हे जसजशी वर्षं जातात तसतसं वाढत जातं. आणि तुम्ही मुद्दाम नाव टाळलंत तो तरुण पोरगा म्हणजे पुढे नावाजलेला वाटाड्या जिम ब्रिजर, हेही नंतर चिकटलेलं नाव. पहिल्या वृत्तान्तात ते नाही.

तेव्हा चौथ्या हाताच्या माहितीवर अस्वलिणीच्या मनातलं ओळखायचं, हे जरा धाडसाचं नाही का?

कडेपठार

रास्त प्रश्न. पण माझा मुद्दा नेमका त्याच फटीतून येतो. सांगणाऱ्याला अस्वलाच्या वागण्याचा अर्थ माहीत नव्हता, त्याने नरमांसाची कथा रचली. तरीही क्रम जो दिला आहे (हल्ला, पिल्लांकडे, माणूस हलला, परत हल्ला) तो पुढे दीडशे वर्षांनी हल्ल्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संशोधकांना वारंवार सापडला. कथा रचणारा माणूस आपल्याला न कळणारा तपशील बरोबर कसा रचेल? म्हणून मला तेवढा भाग कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला वाटतो. अळ्यांबद्दल तुमच्याशी सहमत.

वैद्यबुवा

अळ्यांवरून आठवलं. शंकासुरांची शंका ठीक, पण गोष्ट अशक्य नाही. काही माश्यांच्या अळ्या मेलेलं मांसच खातात, जिवंत पेशींना फार धक्का लावत नाहीत. नेपोलियनच्या सैन्यातल्या शल्यविशारदांनी हे पाहून ठेवलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर बाल्टिमोरला विल्यम बेअर या डॉक्टरने हाडाच्या जुन्या जखमांवर मुद्दाम अळ्या सोडून उपचार केले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर निर्जंतुक अळ्या विकायला रीतसर परवानगी दिली. फक्त रानातल्या अळ्या कुठल्या जातीच्या निघतील याचा भरवसा नाही, तेव्हा घरी प्रयोग नको.

अस्वलाच्या जखमेत खरा वैरी चावा असतो. दातांनी घाण खोल आत जाते, वरून भोक लहान दिसतं.

फुकटचंबू

जेवताना वाचत होतो. धन्यवाद वैद्यबुवा.

वऱ्हाडी ठेचा

आता आमचं आयका. तुमचं ते ग्रिझली आमी पायलं नाई, पन आमच्या बुलडाण्यात अस्वलं बम आहेत. ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठीच वळखलं जाते. २०१९ ले टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत तिथं आला, पेपरात फोटो, टीव्हीवाले, सारा गाजावाजा. गावातले म्हातारे म्हनत, वाघाचं काय घेऊन बसले बाप्पा, वाघ मानूस पायला की वाट सोडते. अस्वल वाट सोडत नाई.

मी जळगाव जामोदकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. मोहाच्या दिवसात, मार्च-एप्रिलमंदी, बाया पहाटेच टोपले घेऊन निंगतात. कारन मोहफूल रातभर गळते, आन उशीर केला तर गुरं-ढोरं खातात. अस्वलालेही मोह लय आवडते, त्याची येळ तेच. मानूस वाकून फुलं येचून रायलं, अस्वल तिकडून वास घेत येऊन रायलं, दोघायचीही मुंडी खाली. आन वारूळ उकरताना तर ते असं जोरानं फुर्र-फुर्र करते, की त्याले बाजूचं आयकूच येत नाई. अंगावर गेल्यावर कळते दोघायलेही.

पिल्लावाली असली तर मंग काई खरं नाई. दोन पिल्लं पाठीवर बसून असतात, पाठीचे केस धरून. वरून ते केसच वाटतात, पिल्लू दिसतही नाई. मानसाले वाटते एकलं अस्वल हाय. ते मांगच्या पायावर उभं रायते आन पयला पंजा तोंडावर. आमच्या पंचक्रोशीत असे चेहरे हायेत, मी इथं जास्त लिहीत नाई.

तुमच्या शिकाऱ्यासारखं आमचे लोक चूपचाप जात नाईत. जाणते लोक रानात शिरतानाच खाकरतात, काठी आपटतात, एकमेकाले हाका मारतात. नव्या पोरायले ते खेडवळ वाटते.

सांजवात

ठेचाभाऊ, हे फार भारी लिहिलंत. वेगळा धागा काढाच.

पाणकळा

मला एक कळत नाही. काळी अस्वलं अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आहेत, न्यू जर्सीत आमच्या मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यापाशी पिल्लांसकट येते बाई. आम्ही भांडी वाजवली की पिल्लं सरसर झाडावर आणि ती बुंध्याशी उभी राहून दात कडाकडा वाजवते. पुढे काही करत नाही. मग आईची माया ग्रिझलीलाच जास्त की काय?

कडेपठार

पाणकळा, सुंदर प्रश्न. सुरुवातीला माळरानाचं लांबण लावलं ते यासाठीच.

काळं अस्वल जंगलातलं. नख्या आखूड, वाकड्या, झाडावर चढायला केलेल्या. धोका दिसला की आई हुंकार देते, पिल्लं वर, आई खाली. प्रश्न मिटला. ग्रिझलीचे पूर्वज वाढले उघड्या माळावर. तिच्या नख्या लांब, सरळसर, कंद आणि बिळं खणायला. मोठी झाली की चढायचं कसब जवळजवळ संपतं. चढायचं म्हटलं तरी त्या माळावर झाड कुठलं? पिल्लं वर पाठवता येत नाहीत, लपवता येत नाहीत, पळून लांडग्यांपुढे निभाव नाही. उरतं एकच: समोरच्यावर चाल करून जाणं. अशीच आई जिची पिल्लं वाचली, तिचाच स्वभाव पुढे आला. ही मांडणी अस्वलांच्या अभ्यासकांची आहे, माझी नाही.

आकडाही बघा. १९०० ते २००९ या काळात अमेरिका-कॅनडात रानटी काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारल्याची नोंद एका अभ्यासात आहे. त्यातले बहुतेक हल्ले भक्ष्य म्हणून केलेले, आणि ते करणारे जवळजवळ सगळे नर. पिल्लावाली आई त्यात फारशी नाहीच. ग्रिझलीच्या बाबतीत चित्र उलटं, तिथे जखमी करणाऱ्यांत आयाच पुढे.

ठेचाभाऊंच्या अस्वलाला झाडावर चढता येतं, पण त्याच्या रानात बिबट्याही चढतो. म्हणून पिल्लं पाठीवर आणि आई अंगावर. तिचीही गत ग्रिझलीसारखीच झाली.

रामराम पाव्हणं

एवढं सगळं वाचून माझं मत एकच. दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरायचं आणि घरवाली अंगावर आली की तिला हिंस्र म्हणायचं. शिकार करणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

फुकटचंबू

आता शाकाहार-मांसाहार सुरू होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

कडेपठार

तो वाद दुसरीकडे घाला, इथे नको. धागा भरकटेल. एवढंच सांगतो की ग्लास हौशी शिकारी नव्हता, तुकडीच्या पोटासाठी मारत होता. पण व्यापार कातड्यांचा होता आणि प्रदेश अरिकारांचा होता, हेही तितकंच खरं.

शेवंती

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लॉगिन केलंच. बरीच वर्षं बोझमन, मोंटाना इथे राहते. आमच्याकडे ही गोष्ट १८२३ मध्ये संपलेली नाही. दर सप्टेंबरला घडते.

सप्टेंबरात एल्कची (आपल्या सांबरापेक्षा मोठं, तसंच शिंगाळ जनावर) धनुष्यबाणाची शिकार सुरू होते. धनुष्याने मारायचं म्हणजे पंचवीस-तीस मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. म्हणून हे लोक काय करतात: अंगभर पाचोळ्याच्या रंगाचे कपडे, अंगाचा वास मारणारे फवारे, पहाट किंवा तिन्हीसांज, दाट झाडी, आणि तोंडात शिट्टीसारखं यंत्र घेऊन एल्कच्या मादीचा आवाज काढतात. अस्वलाच्या कानाला ती जेवणाची हाक. त्याच महिन्यात ग्रिझली झोपेआधीची चरबी चढवायला दिवसाचे वीस-वीस तास खात सुटलेली असते. कडेपठार यांनी ग्लासबद्दल लिहिलेला प्रत्येक शब्द माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या शिकाऱ्यांना लागू होतो.

त्यात जनावर मारलं की खरी जोखीम पुढे. एल्क एका खेपेत उचलून नेता येत नाही. जागेवर फाडायचं, आतडी तिथेच टाकायची, मांस पाठीवरून खेपा करून आणायचं. दुसऱ्या खेपेला परत जाता तेव्हा त्या आतड्यांवर कुणी हक्क सांगून बसलेलं असू शकतं. म्हणून मांस आतड्यांपासून लांब, उघड्यावर, दुरून दिसेल असं टांगून ठेवायला सांगतात.

ऑफिसातल्या एकाचा किस्सा. झुडपात वाकून एल्कला आवाज देत बसला होता. मागे फांदी मोडली, वळून बघतो तर पिल्लं दोन्ही पायांवर उभी राहून त्याच्याकडे बघतायत. आई कुठे हे शोधेपर्यंत ती बाजूने सुटलेली. कमरेला अस्वलांसाठीचा तिखट मिरचीचा फवारा होता, तो म्यानातून न काढता, तसाच वर करून दाबला. लाल ढग उडाला, ती त्या ढगात शिरली आणि खोकत वळली. ढग वाऱ्याने ह्याच्याही तोंडावर आला. एल्कसाठी वारा तोंडावर घेऊन बसला होता ना! अर्धा तास डोळे उघडता आले नाहीत, नाकातून धारा, पण अंगावर ओरखडा नाही. त्याची भारीतली रायफल झाडाला टेकवलेली होती, हात पुरेल अशी. तिला हात लावायलाही वेळ मिळाला नाही म्हणतो.

शंकासूर

फवाऱ्याचे आकडे नेहमी फुगवून सांगतात असं ऐकलंय. बंदुकीपेक्षा मिरचीची पूड बरी, हे गळी उतरत नाही.

शेवंती

शंका योग्य आहे. २००८ चा अलास्कातल्या घटनांवरचा अभ्यास आहे, १९८५ ते २००६ या काळातल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने ९२ टक्के वेळा त्यांचं नको ते वागणं थांबलं. पण त्यात नुसतीच वास घेत जवळ आलेली अस्वलंही मोजली आहेत, सगळी धावून आलेली नाहीत. त्याच संशोधकांचा पुढचा अभ्यास बंदुकींवर, २६९ घटनांचा. तिथे पिस्तुलाला ८४ आणि लांब बंदुकीला ७६ टक्के यश. या दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून भांडणं बरोबर नाही, घटना वेगवेगळ्या आहेत. मला पटलेलं कारण साधं आहे: फवाऱ्याला नेम धरावा लागत नाही. समोर भिंत उभी राहते. आणि चुकून आई मेली नाही तर पिल्लंही वाचतात.

ते शेवटचं इथे महत्त्वाचं मानतात. खालच्या अमेरिकेत, म्हणजे अलास्का सोडून, एकेकाळी पन्नास हजार ग्रिझली होत्या असा अंदाज आहे. १९७५ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा हजाराच्या आत आल्या होत्या. आता दोन हजारांच्या आसपास. पहिली वीण व्हायलाच पाच-सहा वर्षं लागतात आणि दोन विणींत तीन वर्षांचं अंतर, त्यामुळे एक मादी गेली की भरून यायला फार वेळ लागतो. मोंटानात ग्रिझलीची शिकार १९९१ पासून बंद आहे. स्वसंरक्षणात मारली तरी चौकशी होते.

ग्लास जिथे अस्वलिणीच्या तावडीत सापडला त्या साउथ डकोटात आज ग्रिझलीची वस्तीच नाही. त्या जागेजवळ आता धरण आहे, शेडहिल. १९२३ मध्ये, घटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे स्मारक बांधलंय. आम्ही एकदा रस्त्यावरून जाताना थांबलो होतो. लोक होड्या घेऊन मासे धरत होते.

वऱ्हाडी ठेचा

शेवंतीताई, तुमचा फवारा म्हंजे आमच्या ठेच्याचाच भाऊ हाय की! इकडं मोह येचनाऱ्या बायायले कोन देईन तो? एक डबी केवढ्याले पडते?

शेवंती

ठेचादादा, चाळीस-पन्नास डॉलर. आणि तीन-चार वर्षांनी मुदत संपते, मग नवी घ्यायची. रोज मोहाला जाणाऱ्या बाईला परवडणारं नाही, तुमचं खाकरणं आणि काठी आपटणंच बरं. इथेही रेंजर पहिलं तेच सांगतात. वळणावर, ओढ्याकाठी, दाट झुडपात शिरण्याआधी मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. पर्यटक पिशवीला छोट्या घंट्या बांधून फिरतात, त्याचा उपयोग फारसा नाही, आवाज लांब जातच नाही.

पाणकळा

अवांतर: जूनमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला चाललोय, बरोबर सासू-सासरे आणि दोन मुलं. फवारा विमानातून नेता येतो का?

शेवंती

नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिकडे उतरल्यावर घ्या, बोझमन, जॅक्सन, कोडी कुठल्याही दुकानात मिळतो. परतताना तिथेच सोडून या, कुणालाही द्या.

घेतल्यावर पिशवीत टाकू नका. पट्ट्याला हवा, आणि ज्याच्या पट्ट्याला आहे त्याने गाडीपाशी दोन-चारदा म्यानातून काढून, सुरक्षेची चाप सरकवून बघायचा, प्रत्यक्ष न मारता. डासांच्या मलमासारखा अंगाला किंवा तंबूला फासायचा नसतो. दरवर्षी कुणीतरी तो प्रताप करतंच. गाडीत उन्हात ठेवू नका, फुटतो. मुलांना पायवाटेवर पुढे पळू देऊ नका, मोठं माणूस पुढे. अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायचा नियम आहे, आणि रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागलेली दिसली की समजा पिल्लं घेऊन कुणीतरी आलंय. फोटोसाठी गाडीतून उतरू नका. सासूबाईंनाही सांगून ठेवा.

पाणकळा

सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, तिकीट रद्द करून महाबळेश्वरला जाऊ.

फुकटचंबू

महाबळेश्वरला माकडं आहेत म्हणावं.